कृपादान सर आहेत का?

नगरच्या सावेडीतल्या त्या खोलीत तिघं राहायचे. नोहा पाटोळे, त्याचा काष्टी गावचा रूम पार्टनर पार्थ, आणि एक भोपळा. तिघांत सगळ्यात शांत, स्वच्छ आणि वेळेवर झोपणारा भोपळाच होता, पण पार्थला नेमकी त्याचीच भीती वाटायची.

"भावा, त्याचं तोंड भिंतीकडं कर," दिवा मालवायच्या आधी तो म्हणायचा.

"भोपळ्याला तोंड नसतं."

"याला आहे. आणि ते मला काहीतरी विचारतंय."

भोपळ्यावर एक अक्षर होतं. साल कोवळी असताना खिळ्यानं कोरलेला 'कृ'. भोपळा वाढला तसं अक्षरही वाढलं, आणि आता ते पांढरट, फुगीर, जखम भरून आल्यासारखं दिसायचं. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आला की खाटेखाली भोपळा दिसायचा नाही. नुसता 'कृ' दिसायचा.

हा भोपळा नोहानं क्रेडिट कार्डावर घेतला होता. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरं कार्डावर बूट घेतात, फोन घेतात, फार तर मैत्रिणीला पिझ्झा घेतात. भाजीत पैसे घालून कर्जबाजारी झालेला तो कॉलेजात एकटाच असावा.

त्याचं असं झालं. नोहाच्या गावी, पुणतांब्याला, दसऱ्याच्या आसपास चर्चमध्ये कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं आणून वेदीपुढं ठेवायचं. कांदे, गवार, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. भक्ती संपली की अंगणात या सगळ्याचा लिलाव. तिथं बाजारभाव चालत नाही, मनातला भाव चालतो. दोन लिंबं तीनशेला जातात, घेणारा ती पुन्हा देवाला देतो, आणि तीच लिंबं परत लिलावाला उभी राहतात. एका वर्षी एक कोंबडी पाच वेळा विकली गेली आणि संध्याकाळी मूळ मालकिणीच्याच घरी परतली. तिनं सगळ्यात जास्त बोली लावली होती, कारण तोवर तिला कोंबडीची आठवण यायला लागली होती. नियम दोनच. पैसे जागेवर द्यायचे, आणि घेतलेली वस्तू घरात ठेवून द्यायची नाही. त्याच आठवड्यात शिजवायची आणि चार घरी वाटायची.

नोहाचे वडील कृपादान पाटोळे गावाचं पाणी सोडायचे. दर सणाला त्यांचा एक भोपळा ठरलेला असायचा. वेलावर कोवळा असतानाच त्याच्यावर खिळ्यानं आपलं पहिलं अक्षर कोरून ठेवायचे, म्हणजे कुणी तोडून नेऊ नये. दोन वर्षांपूर्वी ते वॉल्व्ह उघडायला गेले आणि तिथंच खाली बसले. त्या दिवशी पाणी दुपारपर्यंत वाहत होतं. गावानं भांडी, पिंपं, हौद सगळं भरून घेतलं आणि मग चौकशीला माणूस पाठवला.

यंदा मोरीच्या पाण्यावर भोपळ्याचा वेल आपोआप आला. कुणी लावला नव्हता. त्याला एकच फळ धरलं. नोहाच्या आईनं, मरियानं, ते सणाला नेऊन ठेवलं. नोहा नगरहून आला, वेदीपुढं बघतो तर भाज्यांच्या मधोमध 'कृ'. आईनं कोरलं असणार, असं त्याला वाटलं. तो उगाच खोकला.

लिलावात भोपळा उभा राहिला आणि सुनीलकाका म्हणाला, "शंभर. घेतो. शेळ्यांना होईल."

सुनीलकाका वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडं शेळ्या होत्या आणि शेळ्यांना भूक होती, एवढंच. पण नोहाच्या तोंडून "पाचशे" निघालं. काका हसला आणि हजार म्हणाला. अशा सणात मागं हटणं कुणालाच शोभत नाही, आणि सुनीलकाकाचा पोल्ट्रीचा धंदा जोरात होता. शेवटी नोहा "चार हजार एकशे" म्हणाला, तेव्हा अंगण गप्प झालं. पलीकडं बांधलेली कोंबडीसुद्धा गप्प झाली. एक वार. दोन वार. तीन वार.

नोहाच्या खिशात परतीच्या गाडीचे पैसे होते. पण चर्चनं यंदा क्यूआर कोड लावला होता, आणि नोहाच्या फोनला क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं.

ते कार्ड त्याला कॉलेजच्या गेटवर एका छत्रीबरोबर मिळालं होतं. उन्हाळ्यात एका दुकानात केलेल्या कामाची पगारचिठ्ठी दाखवली, फॉर्म भरला, सही केली. छत्री आठवड्यात मोडली, कार्ड टिकलं. फॉर्मवर एक रकाना होता: दुसरा संपर्क क्रमांक. नोहाला स्वतःचा सोडून एकच नंबर पाठ होता. तो गावातल्या पाण्याच्या टाकीवर लाल रंगात रंगवलेला होता, 'पाण्यासाठी संपर्क'. लहानपणापासून येता-जाता वाचलेला. तोच त्यानं लिहिला. नातं: वडील. हयात आहेत का, असा रकाना फॉर्मवर नव्हता.

बिल आलं, तेव्हा त्यावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक छोटा आकडा होता. नोहानं तो भरला आणि त्याला फार बरं वाटलं. बँक समजूतदार आहे, असं तो पार्थला म्हणाला. पुढच्या महिन्यात बिल पहिल्यापेक्षा मोठं आलं. तेव्हा त्यानं काहीच न भरता फोनवर अनोळखी नंबर बंद करून टाकले, आणि भोपळा मात्र कापला नाही. उधारीवर घेतलेला भोपळा, तोही देवापुढचा, आणि त्यावर पप्पांचं अक्षर. आधी फेडायचं, मग कापायचं, असं त्यानं ठरवलं. नियम मोडला तो इथं.

डिसेंबर लागला आणि एक दिवस मरियाचा फोन आला.

"नोहा, कुठं हायेस?"

"कॉलेजात. प्रॅक्टिकल आहे. का गं?"

"खाली बस आधी."

"इथं स्टूल कमी आहेत, आई. बोल ना."

"तुझ्या पप्पांचा फोन वाजला."

नोहा खाली बसला. स्टूल नव्हतंच, तो फरशीवर बसला.

पप्पांचा फोन म्हणजे बटणांचा, जाडजूड, सेलोटेप लावलेला. त्याची रिंग कोंबड्याच्या आरवण्याची होती, कारण मोटारीच्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचं नाही. ते होते तेव्हा हा कोंबडा दिवसभर आरवायचा. सगळं गाव एकच प्रश्न विचारायचं, पाणी कधी सुटणार. ते गेले, टाकीवर नव्या माणसाचा नंबर रंगवला गेला, आणि कोंबडा गप्प झाला तो झालाच. मरियानं फोन कपाटात ठेवला. पण दर महिन्याला ती त्याला रिचार्ज मारायची आणि रविवारी चार्जिंगला लावायची. का, असं नोहानं एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "असू दे. लागतो कधी कधी."

"कोनाचा होता?" नोहानं विचारलं. आईशी बोलताना त्याची जीभ आपोआप गावाकडं वळायची.

"काय ठाव. मी उचलला न्हाई, हात धजला न्हाई. कपाटात कोंबडा आरवतोय म्हनल्यावर आधी मला वाटलं दगडाबाईचा घुसला. दार उघडलं तर आत उजेड. सकाळी आरवला, परत दुपारी आरवला. आता तर दगडाबाईचा कोंबडा त्याला उत्तर द्यायला लागलाय."

"राँग नंबर असंल."

"दोनदा?" मरियाचा आवाज अगदी खाली आला. तिच्या आवाजात भीती होती, आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे नोहानं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "दोन वर्सांनी कोनतरी बोलवतंय रे त्यांना."

फोन ठेवल्यावर नोहानं पहिल्यांदाच बँकेचा मेल उघडला. 'आपल्याशी संपर्क होऊ न शकल्याने आपण दिलेल्या दुसऱ्या क्रमांकावर संपर्क करण्यात येत आहे.' खाली 'काळजी घ्या' असं लिहिलं होतं.

म्हणजे आपल्या आईच्या घरात भूत सोडलंय ते आपणच, आणि त्याला हप्ते आहेत.

दोन दिवसांत दगडाबाईचा फोन आला. दगडाबाई म्हणजे शेजारीण, आणि तिला कुजबुजता येत नसे.

"पोरा, तुझी आय खिचडी शिजवायला शाळंत जायची बंद झाली. कपाटाम्होरं बसून ऱ्हाती. मी म्हनलं लिंबू उतरवून टाकू, तर म्हनती आमच्यात न्हाई चालत. मग तिनं फोनच्या एका अंगाला पवित्र शास्त्र ठिवलं, मी दुसऱ्या अंगाला लिंबू ठिवलं. ज्याला जे लागू पडंल ते पडंल."

"मग थांबलं का?"

"न्हाई ना. आरवलाच. लिंबू खाली पडलं."

सांगून टाकावं, असं नोहाला शंभरदा वाटलं. पण सांगितलं असतं तर मरियानं तिच्या खिचडीच्या मानधनातून पैसे पाठवले असते, आणि वर 'जेवत जा' म्हणाली असती. ते त्याला सोसलं नसतं. शिवाय, दोन वर्षांनी कोणीतरी बोलवतंय म्हणणाऱ्या बाईला 'बँक बोलवतेय' असं कसं सांगायचं?

"पैसेच भरून टाक ना," पार्थ म्हणाला.

"आहेत का तुझ्याकडं?"

"माझ्याकडं मामा आहे."

पार्थचा मामा श्रीमंत याचं पुणे रस्त्यावर, सुप्याच्या एमआयडीसीच्या अलीकडं मिसळीचं हॉटेल होतं. नाव श्रीमंत असलं तरी तो धंद्यानं घाबरलेला होता, कारण समोरच दुसरं मिसळीचं हॉटेल झालं होतं आणि त्यांनी दारात फुग्याचा नाचणारा माणूस उभा केला होता. श्रीमंतमामाला नाताळपर्यंत रस्त्यावर उभा राहून गाड्यांना हात करणारा सांताक्लॉज हवा होता. रोज पाचशे आणि एक मिसळ.

"तुमच्यातलाच ना तो?" मामानं नोहाला नखशिखांत बघत विचारलं.

"नात्यात नाही, पण हो."

"मग जमेल तुला. पण पोट कुठंय? सांताला पोट लागतं. समोरच्याच्या फुग्यालासुद्धा पोट आहे."

उशी बांधून पाहिली. वाऱ्यानं ती सारखी खाली सरकायची, आणि रस्त्यावरचे लोक सांताला काही दुखतंय का म्हणून थांबायचे. दुसऱ्या दिवशी नोहानं खोलीवरनं भोपळा आणला, टॉवेलात गुंडाळला आणि पोटावर घट्ट बांधला. अक्षर आतल्या बाजूला, बेंबीपाशी. मामा मागं सरकून बघत म्हणाला, "असं पाहिजे. वजनदार." आणि अशा रीतीनं भोपळा स्वतःचं कर्ज फेडायला कामाला लागला.

सुप्याजवळ रस्त्याला ऊन, वारा आणि धूळ एकदमच मिळतात. लाल कपडे, कापसाची दाढी, आणि शेजारून मळीचे टँकर. पोरं गाडीतनं उतरून सांताच्या पोटावर बुक्की मारायची आणि हात झटकत आईकडं जायची. "मम्मी, याचं पोट दगडाचं आहे!" नोहा हात हलवत राहायचा. भोपळा थंडगार होता. पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून तो उबदार लागायला लागला. अंगाचीच ऊब असणार, असं नोहा स्वतःला सांगायचा. पण दुपारी वारा पडला आणि रस्ता रिकामा झाला की त्याला वाटायचं, बेंबीपाशी कोणीतरी हलकेच बोट फिरवतंय. अक्षर काढतंय.

अशाच एका दुपारी त्यानं स्वतःहून बँकेच्या नंबरावर फोन लावला.

"नमस्कार, पंकजा बोलतेय. सर, आपण कधी भरणार?"

"लवकरच. मॅडम, एक विनंती होती. तो दुसरा नंबर आहे ना, त्याच्यावर फोन करू नका. मी भरतो."

"सर, आपण फोन उचलत नाही."

"आता उचलेन. सध्या मी सांताक्लॉज आहे, हातात मोजे आहेत, त्यामुळं लगेच उचलला जात नाही."

"सर, तो तुमचा पर्सनल प्रश्न आहे," पंकजा म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. ती रोज याहून चमत्कारिक कारणं ऐकत असावी. "नंबर काढायचा असेल तर ज्यांचा नंबर आहे त्यांनी स्वतः फोन करून तसं सांगावं लागतं."

"ते वारलेत."

पलीकडं कीबोर्डचा आवाज थांबला. "सॉरी सर. मग त्यांचा मृत्यूचा दाखला मेल करा. महिन्याभरात निघेल."

दाखला आईच्या कपाटात होता. त्याच कपाटात, फोनच्या खाली.

"आणि सर," पंकजा आवाज उतरवून म्हणाली, "एक तारखेनंतर तुमची फाईल माझ्याकडं नसेल. फील्डला जाईल. मग घरी माणूस येतो. तो सर म्हणत नाही."

नोहा रस्त्याकडं तोंड करून हात हलवत राहिला. समोरून एक बस गेली. बसमधल्या सगळ्यांनी उलट हात केला.

त्या संध्याकाळी तो दाढी काढत होता तेवढ्यात मरियाचा फोन आला.

"उचलला मी."

कापूस नोहाच्या हातातच राहिला. "कोन होतं?"

"पोरगी. पंकजा नाव. आवाज लई गोड. म्हनली, कृपादान सर आहेत का?" मरिया थांबली. "नोहा, सर म्हनली ती त्यांना. गावानं जन्मभर काय म्हनलं? ए कृप्या, पानी कवा सोडतो. सर कोनी म्हनलं न्हाई रे."

"मग तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, न्हाईत. ती म्हनली, कधी भेटतील? मी म्हनलं, पुनरुत्थानाच्या दिवशी."

"आई..."

"खोटं हाय का? ती म्हनली, तारीख सांगा मॅडम, सिस्टिममध्ये तारीख टाकावी लागते. म्हनलं, बाई, ती तारीख फकस्त आकाशातल्या बापाला ठाव हाय. मग म्हनली, ठीक आहे मॅडम, उद्या परत कॉल करते." मरिया हसली. खरंच हसली. "चिकाटी हाय पोरीला."

"कशाला फोन केलता, ते न्हाई सांगितलं?"

"म्हनली, त्यांच्याशीच बोलायचंय. मी कशाला खोदून विचारू? असंल काही त्यांचं."

त्यानंतर पंकजा रोज फोन करायची आणि मरिया रोज उचलायची. शाळेत खिचडी शिजवायला ती पुन्हा जायला लागली, पण कोंबडा पदरात बांधून. तिनं पंकजाला सांगितलं की कृपादान सरांना वांग्याचं भरीत आवडायचं. पाणी सोडताना ते गाणी म्हणायचे आणि चाल कायम चुकायची. वॉल्व्ह फिरवून फिरवून त्यांच्या उजव्या तळहाताला घट्टा पडला होता, दहा पैशाएवढा. हे सगळं तिनं नोहाला कधीच सांगितलं नव्हतं.

"आज तिला विचारलं, जेवलीस का? तर गप झाली. मग म्हनली, मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

आणि इकडं नोहा भोपळा पोटावर बांधून रोज थोडं थोडं कमवत होता, आईला येणारा एकुलता एक फोन बंद पाडण्यासाठी.

नाताळच्या दिवशी जगातले सगळे लोक घरी होते, सांताक्लॉज सोडून. मरियाला त्यानं प्रोजेक्ट आहे म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं," आणि त्या 'बरं'चं वजन भोपळ्याएवढं होतं. दुपारी श्रीमंतमामानं पैसे हातात ठेवले, एक दिवसाचे कापून. सांतानं तीन मिसळी जास्त खाल्ल्या, असा त्याचा हिशेब होता.

हॉटेलच्या मागं, रिकाम्या तेलाच्या डब्यांपाशी उभं राहून नोहानं ॲप उघडलं. सगळी रक्कम भरा. अंगठा बटणावर नेला आणि तिथंच थांबला.

बटण दाबलं की पंकजा संपली. कृपादान सर संपले. आई पुन्हा कपाट बंद करणार. नाही दाबलं तर व्याज वाढणार, आणि एक तारखेनंतर दारात तो माणूस येणार जो सर म्हणत नाही. मग आईला सगळं त्याच्या तोंडून कळणार.

पोटापाशी काहीतरी सरकलं. टॉवेलाची गाठ सैल झाली असावी. नोहानं एका हातानं भोपळा सावरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, खाली लिहून आलं, 'धन्यवाद! पुन्हा भेटू.'

दुसऱ्या दिवशी मरिया फोनवर म्हणाली, "आज पंकजाचा फोन न्हाई. नाताळाची सुट्टी असंल." पुढं एकदा म्हणाली, "आजारी पडली का काय." मग एके दिवशी नुसती फोन धरून बसली. नोहाला पलीकडं दगडाबाईचा कोंबडा ऐकू आला. तो एकटाच आरवत होता.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नोहा भोपळा मांडीवर घेऊन पुणतांब्याच्या गाडीत बसला. निघताना पार्थनं भोपळ्याला हात जोडले. "काही चुकलं असेल तर माफ कर," तो भोपळ्याला म्हणाला, आणि नोहाला नुसतं "जा" म्हणाला.

घरात मरिया कपाटापुढच्या पाटावर बसली होती. फोन मांडीवर. पवित्र शास्त्र आणि वाळून टणक झालेलं लिंबू अजून जागच्या जागी होतं.

"ह्ये डांगर अजून कापलं न्हाईस?" तिनं आधी तेच पाहिलं. "कापनीचं हाय ते! ठिवत्यात का?"

नोहा तिच्यासमोर फरशीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. शेळ्या, छत्री, फॉर्म, किमान रक्कम, मिसळ, दाढी. मरिया फोनवरचा सेलोटेप नखानं दाबत राहिली.

"म्हंजे त्यांना कोनी बोलवत नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"न्हाई."

"तुला बोलवत होते."

"व्हय."

"त्यांच्या नावानं."

नोहानं भोपळा तिच्याकडं सरकवला.

"एकंदर पडलं केवढ्याला?"

त्यानं आकडा सांगितला, व्याज आणि दंड धरून.

"शेळी आली असती रं तेवढ्यात," मरिया म्हणाली. मग उठली आणि कोयता घेऊन आली. "धर हिकडनं."

"थांब. आधी एक सांग. अक्षर लई झ्याक कोरलं होतंस तू."

मरियाचा कोयता वरच राहिला. "मी? मी कशाला कोरू? तू कोरलंस ना, जूनमधी आल्तास तवा?"

"जूनमधी वेल तरी होता का?"

दोघं भोपळ्याकडं बघत बसली. 'कृ' दोघांकडं बघत बसला. ऋकाराचा फाटा जरा लांब ओढलेला होता, पप्पा ओढायचे तसाच.

"पाखरानं टोचलं असंल," मरिया म्हणाली.

"पाखरू बरोबर कृ टोचतंय?"

"पाखरू हाय. टोचंल काहीबी." आणि तिनं कोयता मारला.

आत गर होता आणि बिया होत्या. आणखी काहीतरी असेल असं नोहाला उगाच वाटलं होतं. गर केशरी, ओला, इतके महिने थांबूनही ताजा. अक्षराची फोड मात्र मरियानं चिरली नाही. ती तशीच ताटलीत काढून कपाटापाशी ठेवली, शास्त्र आणि लिंबाच्या मधे. चुलीवर भाजी शिजायला लागली. चार घरी द्यायच्या वाट्या तिनं मांडून ठेवल्या, एक दगडाबाईला, एक सुनीलकाकाला.

आणि कोंबडा आरवला.

पलीकडच्या अंगणातनं दगडाबाईच्या कोंबड्यानं लगेच उत्तर दिलं. मरिया हातातल्या उलथन्यासकट गोठली. फोन पाटावर थरथरत पुढं सरकत होता. नंबर पंकजाचा नव्हता. कुठलाच ओळखीचा नव्हता.

"भरलेस ना रं सगळे?"

"सगळे. शपथ."

"मग कोन?"

नोहानं फोन उचलून स्पीकरवर टाकला. आधी नुसती खरखर आली, लांब कुठंतरी पाणी वाहत असल्यासारखी. मग एक तरतरीत पोरगा बोलायला लागला.

"नमस्कार! कृपादान सर आहेत का? अभिनंदन सर! आपल्यासाठी खास, कुठल्याही कागदपत्रांशिवाय, एक लाखापर्यंतचं क्रेडिट कार्ड मंजूर झालेलं आहे!"

नोहाला पंधरा हजारांचं मिळालं होतं. तेही जिवंत असताना.

तो फोन बंद करायला गेला, तर मरियानं त्याच्या हातातनं तो काढून घेतला. पदर सारखा केला, पाटावर ताठ बसली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"ते न्हाईत. बोला, मी त्यांची बायको."

"मॅडम, सर कधी भेटतील?"

मरियानं ताटलीतल्या फोडीकडं पाहिलं. भाजी करपायच्या बेतात होती, पण कुणीच उठलं नाही.

"मग मी काय टाकू मॅडम?" पोरगा घाईत होता. "इच्छुक नाहीत, असं टाकू?"

"न्हाई न्हाई," मरिया म्हणाली. "इच्छुक हायेत. फकस्त येळ लागंल म्हनून लिव्हा. आन् तवर तुमी फोन करत जावा."